वेगळ्या पातेल्यातलं अळणी

घनसावंगी,
ता. २ जुलै २०२४

अक्कांना दैवशालाचा नमस्कार.

मी बरी हाये. तुमचे गुडघे कसे हायेत? मंठ्याला पाऊस झाला का? आमच्याकडं सरकी लावून झाली. फोन सोडून पत्र लिहून राह्यले, कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत न्हाईत. आता तोंड मिटून ऐका.

पायाची सूज उतरली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, रक्तातलं मीठ लई कमी झाल्तं, वरून मी उन्हाळ्याचं तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. मंग ते पाणी मेंदूत शिरलं आन भिजू घातलेल्या हरभऱ्यावानी तो फुगला. मी म्हणलं, "बाई, मेंदू सापडला म्हणा की! आमच्या नणंदेला इतके वर्षं शंका होती." त्या लई हसल्या. म्हणल्या, "अंगात प्रोटीन बी न्हाई. ते रक्तात पाणी धरून ठेवतं, न्हाई तर पायात उतरतं. डाळ खा, अंडी खा." खाऊन राह्यले.

तुम्ही सगळ्यायला सांगता, दैवशाला चक्कर येऊन पडली. खोटं! मला तर काही आठवत न्हाई, पण तुमच्या मालकांनी, रामराव भाऊजींनी, सगळं सांगितलं. तुम्ही दारात आल्या आन मी म्हणलं, "या अक्का, बसा. पाणी देऊ का?" भाऊजी खुश झाले, वैनी किती गोड बोलल्या म्हणून. आन तुम्ही वरडल्या, "हिला काहीतरी झालंय! जीप बोलवा जल्दी!"

दरवेळी मी "आल्या फौजदारीणबाई, पातेले लपवा" म्हणते, ते म्हणलं न्हाई म्हणून. बिलकुल बराबर वळखलं.

दवाखान्यात तुम्ही इचारलं, मीठ कशानं सोडलं? मी म्हणलं, बीपी हाये. अक्का, मला बीपी न्हाई. तुमच्या भावाला होतं. त्यायचं अळणी मी वेगळ्या लहान पातेल्यात शिजवायचे. ते गेले. मंग एकटीसाठी मोठं पातेलं कशाला चढवू? त्यायचंच चढवत राह्यले, त्यायच्यासारखंच. मीठ टाकलं असतं तर ते नुसतं माझं झालं असतं.

काल त्याच पातेल्यात वरण केलं. मिठाची चिमूट घेऊन लई येळ हात थांबला. मंग टाकली. चांगलं लागलं, अक्का. तुम्ही त्या दिवशी आल्या म्हणून लागलं. तोंडावर हे मला म्हणता यायचं न्हाई.

पोळ्याला या. भाऊजींनाबी आणा.

पातेले लपवून वाट बघणारी,
तुमची
दैवशाला