ईदची दुकानबंदी

१ मे, बुधवार
कामगार दिन. सार्वजनिक सुट्टी. माझं मत पक्कं आहे: सुट्टीच्या दिवशी दुकानं बंदच हवीत, आणि तीही कायद्याने. दुकानदारही माणूस असतो. फक्त पावाची गाडी येते म्हणून सकाळी शटर उघडलं. समोरच्या इद्देरनेही उघडलं. त्याला विचारलं, तर म्हणे तुझं उघडं दिसलं म्हणून. कायदा नसला की हे असं होतं. दिवसभर शटर अर्धंच ठेवलं. म्हणजे तत्त्वतः बंद. धंदा बरा झाला.

१२ मे
गावाहून इज्जाचा फोन. आमच्या मुलीचा, तूदाचा साखरपुडा ठरला. बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी, गावच्या आमच्याच घरी. मुलाकडचे येणार, त्यांच्यासमोर मुलीच्या बापाने बसायचं असतं. म्हटलं, येतोच. इज्जा म्हणाली, "गेल्या ईदलाही येतोच म्हणाला होतात." मी समजावलं, की बाकीचे उघडे असताना मी एकट्याने बंद कसं करायचं. ती म्हणाली, बरं. बायकोला बाजारपेठ कळत नाही.
संकल्प: या वर्षी मुळावरच घाव. ईदपासून पाच दिवस अख्खी गल्ली बंद. सरकार कायदा करत नसेल तर मी करतो.

१९ मे
माझ्या दुकानात मीटिंग. बसायला सोड्याचे क्रेट, चहा माझ्याकडून. एकीवर बोललो. लोक गंभीर झाले. ठराव मांडला आणि सगळे एकदम हो म्हणाले. इतक्या लवकर यश येईल असं वाटलं नव्हतं. इद्देर म्हणाला, "हम्मादभाऊ, ईदला आम्ही सगळे गावीच असतो. उघडं फक्त तुझंच असतं."
मुद्दा तो नव्हता. नियम नियम असतो, एवढंच म्हणालो. चहा चांगला झाला होता.

८ जून
बॅग भरली. तूदासाठी पिवळं कापड घेतलं. तिला पिवळा आवडतो. निदान आवडायचा.
वरच्या मजल्यावरची म्हातारी झहूर, हज करून आलेली म्हणून सगळ्यांची हज्जा, दूध न्यायला आली. सगळी गल्ली बंद राहणार म्हटल्यावर तिचं कसं होणार, ही काळजी मला. ती म्हणाली, "मी आधीच आणून ठेवीन रे. तू जा पोरीकडे." तोंडाने म्हणाली तसं. पण डोळे काही वेगळंच सांगत होते. निदान मला तरी तसं वाटलं.

१५ जून, शनिवार
इद्देरने गावाकडच्या चौघांत मिळून गाडी केली होती. माझी जागा धरली होती. पण ईदच्या तोंडावर कोळसा, जिरं, सुऱ्या, नुसती झुंबड. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी उद्या बसने येतो. इद्देर म्हणाला, "उद्या बस मिळायची नाही." मी म्हटलं, मिळते. तो थोडा वेळ गाडीजवळ उभा राहिला, मग गेला. जागेवर कुणाची तरी पोती ठेवली.

१७ जून, ईद
बस मिळाली नाही.
गल्ली गप्प. कोपऱ्यावर पोरं बोकडांची मुंडकी भाजतायत, त्याचा धूर. शटर गुडघ्याएवढं वर आहे. त्याला उघडं म्हणत नाहीत. चार लोक वाकून आत आले. जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी. कायद्यात एका दुकानाला सूट ठेवावी लागेल, हे आधी सुचायला हवं होतं.
हज्जाने चरबीत गुंडाळून भाजलेली कलेजी पाठवली. खाल्ली. मीठ होतं की नाही, सांगता येणार नाही.

१९ जून
तिसरा दिवस. दुपारी इज्जाला फोन लावला. मागे बायकांचं गाणं. ती म्हणाली, बोला. मी सगळं सांगितलं. कडक कायदा असता, पोलिसांनी येऊन शटर खाली ओढलं असतं, तर मी आत्ता तिथे असतो. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "झालं सगळं. पाहुण्यांना चहा द्यायचाय." फोन ठेवला.
मग पुढचा कोळसा संपला, मागचा काढला.

२४ जून
इद्देर परतला. बदाम आणि मिठाई घेऊन आला. सांगू की नको असं करत बसला, मग सांगितलं. मुलाकडच्यांनी विचारलं, बाप कुठाय. इज्जाने त्यालाच बसवलं. माझ्या जागी बसून त्याने होकार दिला. म्हणाला, "काय करणार, कुणीतरी बसायला हवं होतं." मी म्हटलं, चांगलं केलंस. मुलगा कसा आहे विचारलं. कमी बोलतो म्हणाला.
उठताना म्हणाला, "तूदाने तुझं काही विचारलं नाही, हम्मादभाऊ. म्हणून सांगतो, लग्नाला ये. तीस जुलै. राजाच्या राज्यारोहणाची सुट्टी आहे, सगळे मोकळे असतात."
तो गेल्यावर बरण्या पुसल्या. खालच्या ओळीतल्याही.

३० जुलै, मंगळवार
सार्वजनिक सुट्टी. लग्न आज आहे.
काल दुपारी दुकान बंद केलं. पूर्ण. शटर जमिनीला, दोन्ही कुलपं. स्टँडवर गेलो. बस उभी होती, जागा होती. कंडक्टरने विचारलं, "काका, येताय का?" मी म्हटलं, पुढच्या बसने. पुढचीही आली. तिच्यातही जागा होती. बाकावर बसून, गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवत होतो. ठरलं नाही. बॅग घेऊन घरी आलो.
आज गल्लीत एकही दुकान उघडं नाही. माझंही नाही. दुकान बंद होतं आणि तरीही मी गेलो नाही. याला कुठला कायदा लागतो, ते बघायला हवं.