क्रमांक चार, तळमजला

३ मार्च, सोमवार

देवाने वाट दाखवली. वरच्या मजल्यावरच्या बाई त्यांचा दोन दिवसांचा शिळा पेपर आम्हाला देतात. (आमचा मी कधीच बंद केला. बातमी शिळी झाली तरी तीच असते.) त्यात बँकेच्या लिलावाची नोटीस : सदनिका क्रमांक ४, तळमजला. किंमत वाचून तीनदा चष्मा पुसला. एवढ्या पैशांत लोक जुनी मोटार घेतात, आणि इथे घर!

बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्या. घरमालकीण सातच्या ठोक्याला नळ बंद करते आणि वर विचारते, पाणी भरलंत ना? आता पुरे. संकल्प : ह्यांच्या निवृत्तीआधी स्वतःच्या दारावर स्वतःची पाटी.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, एकदा वकिलाला कागद दाखवू या. फी विचारली. देव पाठीशी असताना वकील कशाला?

५ मार्च, बुधवार

नव्या शिळ्या पेपराने डब्यांचं फडताळ लावलं. अंथरताना त्याच बँकेची आणखी एक चौकट दिसली, अक्षर मुंगीएवढं. वाचणार होते, पण दूध उतू जायला लागलं. चौकटीवर नेमका साखरेचा डबा बसला. गोड शकुन.

९ मार्च, रविवार

घर पाहून आले. एकटीच, चालत. तळमजला, हिरवं दार, त्यावर ठसठशीत ४. दाराशी चपलांचा जोड. बँकेने राखण ठेवलेली दिसते. खिडकीतून डोकावले. पडदेही आहेत, म्हणजे तो खर्च वाचला. मनात मांडणी ठरली : देव्हारा कोपऱ्यात, पिठाचा डबा खिडकीखाली. आत कोणीतरी शिंकलं. भिंती जरा पातळ असाव्यात.

१२ मार्च, बुधवार

ठेव मोडली, अनामत भरली. नणंद आली होती. म्हणाली, वहिनी, लिलाव म्हणजे भाजीबाजार नव्हे हं. मी म्हटलं, तीस वर्षं बाजार केलाय मी, फसले असेन तर दाखव. ती म्हणाली, गेल्या महिन्यातला सडका कांदा? त्या दिवशी ऊन होतं.

१७ मार्च, सोमवार. दुपारी

घर आपलं झालं!

बँकेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसले. अधिकारी नियम वाचायला लागले. नियम सगळीकडे सारखेच, म्हणून डोळे मिटून तेवढ्यात एकशे आठचा जप उरकला. डोळे उघडले तर ते विचारत होते, सगळ्यांना समजलं ना? सगळ्यांत आधी मीच मान हलवली.

चार नंबर पुकारला. राखीव किमतीच्या निम्मी बोली मी ठणकावून सांगितली. हॉल हसला. अधिकारी म्हणाले, ताई, इथे वर जायचं असतं. विचित्र पद्धत. पहिला भाव मी भाजीवाल्याचाही मान्य करत नाही. पण गेले वर.

समोर एकच माणूस, बोटात मोटारीची किल्ली गरगर फिरवणारा. मोटारवाल्याला गरिबाचं घर कशाला हवं? एका जागी तो अडखळला. मला वाटलं आकडा कमी पडला, म्हणून आणखी दहा हजार वाढवले. अधिकारी म्हणाले, अहो, तुम्हीच पुढे आहात, स्वतःशीच काय भांडता? मग सावकाश विचारलं, जागा पाहिलीत ना? म्हटलं, पडद्यांसकट!

ते माझ्याकडे बघतच राहिले. एका बाईने घर घेतलेलं बघवत नाही लोकांना.

१८ मार्च, मंगळवार

घरमालकिणीला सांगून टाकलं : महिनाअखेर खोल्या रिकाम्या करतो, तुमचा नळ तुमच्यापाशी. बावीस वर्षांचं साठलेलं होतं, एका दमात बाहेर पडलं. शेवटी थोडं जास्तच. ती फक्त बरं म्हणाली. हे जिन्यात थांबून राहिले.

२४ मार्च, सोमवार

उरलेले पैसे भरले, कागद मिळाला. किल्ली मागितली. अधिकारी म्हणाले, किल्ली कसली? स्वतः बरोबर आले. हिरव्या दारावरून पुढे गेले. मी म्हटलं, साहेब, मागे राहिलं. दार उघडून एक आजोबा शिंकले आणि कोण हवंय म्हणाले.

पुढे फरशीवर पांढऱ्या रंगाचा चौकोन. मध्ये ४.



२५ मार्च, मंगळवार

साखरेचा डबा उचलला. शुद्धिपत्रक : ‘सदनिका’ याऐवजी ‘मोटार उभी करण्याची जागा’ असे वाचावे.

हे म्हणाले, आपल्याकडे सायकल आहे.

नणंदेला हे कळवायची घाई नाही.

२६ मार्च, बुधवार

घरमालकिणीकडे गेले. म्हटलं, स्थलांतराचा बेत तूर्त पुढे ढकललाय. ती म्हणाली, राहा की, मी काय हाकललं होतं? फक्त नळ आता साडेसहालाच बंद होईल. चालेल म्हटलं.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी

जागा तशी मोक्याची आहे. ऊन लागत नाही, शिवाय बाकीच्या सगळ्या चौकोनांपेक्षा स्वच्छ. मी स्वतः झाडला. ह्यांनी सायकल बरोबर मधोमध उभी केली, कुलूप लावलं आणि लांब जाऊन बघत राहिले.

तेवढ्यात तोच किल्लीवाला आला. म्हणाला, बाई, मला भाड्याने देता का? चांगला आकडा बोलला. हे हो म्हणायच्या बेतात होते, मी हात दाबला. पहिला भाव! मी दुप्पट सांगितला. तो नमस्कार करून निघाला.

मी ह्यांना म्हटलं, बघा आता. दहा पावलांवर वळतो.

बाजारात दहा पावलांवर मला नेहमी हाक येते. तासभर उभी राहिल्यावर लक्षात आलं, या खेपेला हाक मारायची पाळी माझी होती.

सायकलवर मागे बसून परत आले. सहा चाळीस. नळ गेला होता.