पाच वर्षांची गाडी

९ जानेवारी, गुरुवार

अकोल्याहून येताना अन्नपूर्णाला रेल्वेत तीनदा उलटी झाली. जनरलचा डबा. बसायला कोपरा मिळाला तोही एका बाईनं आपलं लेकरू मांडीवर घेतलं म्हणून. नांदुऱ्याला उतरलो तर वडनेरची बस गेलेली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "अवो, एकडाव आपल्या सोताच्या गाडीत पुढं बसून शेगावले जायचं होतं." चौतीस वर्षं लोकांची ट्रॅक्टरं अन् जीपा दुरुस्त केल्या, आणि माझी बायको तोंडाशी पदर धरून ऑटोत!

गाडी घ्यायची. ठरलं.

डॉक्टरांनी आज मला एकट्याला आत बोलावलं होतं. म्हणाले, वर्ष निघालं तर खूप समजा. तिला आम्ही सांगितलंय की पोटात गाठ आहे, सलाईननं विरघळते. तेच सांगत राहायचं. पोराला, हर्षलला, फोन केला. तो पुण्यात रडला, मी गॅरेजच्या मागं.

१२ जानेवारी, रविवार

हर्षलशी भांडलो. म्हणतो, "बाबा, पेट्रोल घ्या. चार दिवसांत मिळते. डिझेल परवडायचं तर रनिंग पाह्यजे, अन् गाडी पाच वर्षं तरी ठेवली पाह्यजे. आपल्याले किती वर्षं..." मी मग नको ते बोललो. "पुण्यात राहून मायचेही दिवस मोजाले शिकला बे तू!" फोन आपटला.

नंतर वाईट वाटलं. पोराचं काय चुकलं? ते वाक्य माझंच आहे. गॅरेजवर जो कोणी गाडीचं विचारायला येतो त्याला मी चौतीस वर्षं हेच सांगतो — पाच वर्षं ठेवायची आसन त डिझेल, नाई त पेट्रोल. अन्नपूर्णा दुपारी डबा घेऊन यायची, मी जेवता जेवताही गिऱ्हाइकाला हेच ऐकवायचो. तिला तोंडपाठ आहे. कधी कधी माझ्या आधी तीच म्हणून टाकायची, आणि गिऱ्हाईक हसायचं.

म्हणजे मी पेट्रोल दारात उभी केली तर तिला वेगळं काही सांगायला नको. तिला बरोबर कळेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ केला तिनं, बसून बसून. चव कळत नाही म्हणून मलाच चाखायला लावला. गूळ जास्त झाला होता. बेस झाला म्हटलं.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडी कोणती आणू? म्हणाली, "पेट्रोलची आना. आवाज नसते म्हन्तात. माह्या पोटाले धडधड सोसत नाई आता."

मी घाईनं विचारलं, "पेट्रोल काऊन वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग हसली. "बरं, डिझेलच आना. पेट्रोलच्या गाडीत तुमालेच झोप लागन. अन् तुमच्या अंगाले डिझेलचा वास नाई आला त मी वळखू कशी?"

सुटलो!

१९ जानेवारी, रविवार

जानरावला घेऊन खामगावला शोरूमला गेलो. जानराव शेजारचा, त्याची जीप माझ्याच हातावर चालते. शोरूममध्ये निशिगंधा नावाची पोरगी, बोलायला गोड. "काका, पांढरी पेट्रोल उभी आहे, गुरुवारी घेऊन जा. डिझेलला मात्र दहा आठवडे."

दहा आठवडे! मी त्या पांढऱ्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या. बॉनेट उघडलं, चालू करायला लावली. खरंच आवाज नाही. सीटसुद्धा मऊ होती, मी दाबून पाहिली.

आणि डिझेल बुक केली.

येताना जानराव डोकं धरून बसला. "रंगराव, येडा झाला काय बे? पेट्रोल घेतली असती त महाराजाच्या प्रगटदिनाले वहिनी सोताच्या गाडीत शेगावात असत्या!" मी म्हटलं, जिंदगी डिझेलमध्ये गेली, आता पेट्रोलवर कुठं बसू. त्याला पटलं. खरं कारण मी त्याला काय सांगणार?

घरात पाय ठेवायच्या आधीच ओरडलो — डिझेल घेतली! पाच वर्षं पाहायचं काम नाही! ती म्हणाली, "मंग पाच वर्षं मले दर महिन्याले शेगाव दाखवा." नेईन म्हटलं. शपथेवर.

३० जानेवारी, गुरुवार

अकोला. जानरावच्या जीपमधून. प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबत होती. मी फक्त खड्डे मोजले.

३१ जानेवारी, शुक्रवार

अर्धी भाकर खाल्ली!

३ फेब्रुवारी, सोमवार

फोन आज घरीच विसरलो. संध्याकाळी आलो तर तिच्या उशाशी होता. कोणाचा आला होता का विचारलं. "गाडीवाल्यायचा. असाच." गाडी कधी येते म्हणाले? "येईन म्हने." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दमली असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रगटदिन. अर्धं गाव शेगावला. जानराव जीपमध्ये गादी टाकून सकाळीच दारात. "वहिनी, चाला. हळूहळू नेतो."

ती उठूनही बसली नाही. "नाई भाऊजी. आमची डिझेलची गाडी येऊन राह्यली. पह्यल्यांदा तिच्यातच जाईन." जानराव डोळे पुसत गेला. मी मात्र मूर्ख, मनातून खूश झालो! म्हटलं, हिला अजून पुढचं दिसतंय. पूजेची पिशवीही तिनं भरून ठेवली आहे — नारळ, कुंकू, चाकाखाली ठेवायला चार लिंबं. लिंबं वाळली तर नवी आणीन म्हणते.

शोरूमला फोन केला. अजून पाच आठवडे. भांडलो त्यांच्याशी.

२ मार्च, रविवार

हर्षल आला आहे. ती त्याला ओळखते, मला ओळखते. बाकी झोप.

५ मार्च, बुधवार

अन्नपूर्णा गेली. सकाळी सव्वाआठला.

१८ मार्च, मंगळवार

काल तेरवी झाली. पाहुणे गेले. हर्षल आज संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना पाया पडला, म्हणाला, "बाबा, गाडीचं राहू द्या आता." बहीणही तेच म्हणाली, वर्ष सरेस्तोवर घरात नवी वस्तू आणायची नसते.

लिंबं वाळून खडे झाली आहेत. फेकवत नाहीत.

२३ जानेवारीला पेट्रोल दारात आली असती. ती पुढच्या सीटवर बसली असती. शेगावला जाऊन आलो असतो, एकदा नाही, चारदा. धडधड नाही, वास नाही. तिनं तोंडानं मागितली होती! मी दिली नाही. तिला कळेल म्हणून. खरं तर मलाच भीती वाटत होती. ती मरणार हे मला माझ्याच सहीनं लिहून द्यायचं नव्हतं, म्हणून तिला दहा आठवडे थांबवलं. असा कसा मी?

२९ मार्च, शनिवार

बुकिंग रद्द करायला खामगावला गेलो. उद्या पाडवा, हार घातलेल्या गाड्यांची रांग. निशिगंधा धावत आली. "काका, आली तुमची डिझेल! काकू कुठं आहेत? कुंकू त्यांनीच लावायचं."

मी बुकिंगची पावती खिशातून काढली आणि परत ठेवली. तिला वाटलं मी गर्दीनं गांगरलो. हसून बोलतच राहिली. "कसल्या ठाम हो काकू! तीन फेब्रुवारीला मीच फोन केला होता. ती पांढरी पेट्रोल अजून उभी होती. म्हटलं, बदलून घ्या, प्रगटदिनाच्या आत देते. तर नाहीच म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला काही कळलं नाही, पण लक्षात राहिलं."

काय म्हणाली?

"म्हणाल्या, 'नको बाई, डिझेलच राहू दे. मी पेट्रोलच्या गाडीत बसली त त्यायले समजन, की मले समजलं.'"