न मोडलेल्या कडाकण्या

लेह, ६ नोव्हेंबर १९९६

ती. आक्कास,
धोंडिरामचा बर्फातनं नमस्कार.

मी बरा हाय. थंडी सोसंल इतकीच हाय. नवरात्रात घटावर बांधलेल्या आईच्या कडाकण्या काल पोचल्या.

दरसाल पार्सल उघडलं की नुसता चुरा निघायचा, इतक्या खुसखुशीत असायच्या. आमी चमच्यानं खायचो. औंदा एकबी मोडली न्हाई. बराकीतली पोरं लय खूश झाली. मी एक दातानं तोडाय गेलो, तर कडक लागली. जाड लाटलेली.

आक्का, खरं कळव. आईचं मनगट अजून दुखतंय व्हय? लाटणं दाबवत न्हाई का तिला?

हे तिला वाचून दाखवू नगंस. तिला एवढंच वाच, औंदाबी चुराच आला, चमच्यानं खाल्ला.

तुझा,
धोंडिराम