ईश्वरीच्या पाठीवरची उशी

रविवार, संध्याकाळ. अमरावती

चीड येतेय. सगळ्यात जास्त स्वतःची.

आज कॉलनीतल्या मुलांचा रामायण दिवस होता, मीच ठरवलेला. कोण काय होणार त्याच्या चिठ्ठ्या काढायच्या, म्हणजे रुसवेफुगवे नकोत. ईश्वरीला हनुमान आला. नऊ वर्षांची पोर, एका पायाने लंगडते. चिठ्ठी वाचून तिने अशी आरोळी ठोकली की सगळे वळून पाहू लागले.

तेवढ्यात कॉलनीच्या अध्यक्षांच्या बायकोने, नलूकाकूंनी, तिच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. "हनुमानाले उड्या मारा लागते बाई. तू मंथरा हो. तुले काही करायचंच काम नाही, नुसती चालली तरी झालं!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. काहून हसले मी? काकूंनी कार्यक्रमाला हॉल दिला म्हणून?

हनुमान काकूंचा नातू झाला. ईश्वरी मंथरा. कुबड दिसावं म्हणून तिच्या पाठीला उशी बांधली, तीही मीच. ओढणीने, घट्ट गाठ मारून. ती उशी मी का बांधली? नाही म्हणायला काय झालं होतं मला?

कार्यक्रम संपल्यावर माफी मागायला तिच्या घरी गेले. तिच्या बाबांनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. तिले सवय आहे."

सवय! त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुढे काही बोलणार, इतक्यात आतून ईश्वरीचा आवाज आला.

"बाबा, दार लावा."

त्यांनी लावलं.