शेक आणि पट्टी

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. समोर असतीस तर "पुरे रे, कंबर धरेल" म्हणाली असतीस, म्हणून इथूनच करून घेतो.

आई बरी आहे. हे आधी लिहितो, कारण फोनवर तू तेवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस. सकाळी आपली आपण उठून खिडकीपाशी बसते. तुझ्या भावजयीला कपड्यांच्या घड्या घालून देते; ही त्या तिच्या माघारी उलगडून पुन्हा घालते. माझं दुकानही ठीक. परवा एक शिंपी शिलाईमशीन घेऊन आला, म्हणे चालतच नाही. आतून दोऱ्याचा एवढा गुंता निघाला की त्यात एक सदरा शिवून झाला असता. पोटापुरतं काम आहे, डोळे अजून सुई ओवतात. देवाकडे तक्रार करायला जागा नाही.

तू त्या दुपारबद्दल बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. तुला वाटतं ती तुला पाठ आहे. पण तू ती एका बाजूने पाहिलीस, मी दुसऱ्या.

आईची पाठ ठणकत होती. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची पट्टी तू नेमाने बदलून खांद्याखाली लावली होतीस. गार वारा सुटला होता, म्हणून गरम पाण्याची पिशवी पाठीशी दिलीस आणि वरून शाल. कुणीही मायेने हेच केलं असतं. मग आई झोपली, आणि तूच म्हणालीस, "बाळ्या, हिचं घोरणं नेहमीचं नाही." मी काय म्हटलं आठवतंय? "झोपू दे गं बिचारीला." तू ऐकलं नाहीस. पापणी उचलून पाहिलीस तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. औषधाच्या खोक्यावर विषबाधा केंद्राचा नंबर होता, तो तूच लावलास.

मी मागून ओरडतोय, "अगं, इथे विष कुणी खाल्लंय?" फोनवरच्या बाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "दादा, वाद नंतर घाला. आधी ती पिशवी काढा. पट्टी सोलून काढा. कातडी नुसत्या पाण्याने पुसा, साबण नको. रुग्णवाहिका निघालीच आहे." काय शांत बाई! तुझ्याकडून आईचे श्वास मोजून घेतले, तिला हाका मारत राहायला लावलं, दाराची कडीसुद्धा आधीच काढून ठेवायला सांगितली. रुग्णालयात उतारा म्हणून सुई दिली आणि आईने डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर "माझी शाल कुठेय?"

मग त्या तरुण डॉक्टरांनी समजावलं, की पट्टीत अफूच्या जातीचं औषध असतं आणि शेकाने ते कातडीतून भराभर आत जातं. तुझा चेहरा तिथेच पडला. आई घरी आली त्याच दिवशी तू बॅग भरलीस. "माझा हात नको लागायला तिला," म्हणालीस.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं मी गिळून बसलो आहे.

केंद्रवाले नंतर रुग्णालयाकडून सगळं कळवून घेतात आणि घरीही फोन करून विचारपूस करतात. त्याच बाई होत्या. आईचं सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आणि त्या फोन करणाऱ्या ताई कशा आहेत?" मी म्हटलं, "स्वतःला बोल लावून घेतात." तर त्या म्हणाल्या, "दोन पट्ट्या होत्या हे त्यांना सांगितलंत ना?"

मी "हो, सांगतो" म्हणून फोन ठेवला.

होय ताई, दोन होत्या. सुई देऊनही आई पुन्हा पेंगायला लागली, तेव्हा नर्सने तिचं अंग नीट तपासलं. तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. गुडघ्यावर, लोकरीच्या पट्ट्याखाली, तू टाकून दिलेली जुनी पट्टी निघाली. आईने ती कचऱ्याच्या डब्यातून काढून लावली होती. "पाठीला एक, तर गुडघ्याने काय पाप केलंय? आणि अजून औषध होतं की तिच्यात." हे तिचं शास्त्र! आणि माझा हात घट्ट धरून मला देवाची शपथ घातली, "मोठीला कळता कामा नये." मरणाच्या दारातून परतलेली बाई, आणि भीती कशाची, तर तू रागावशील!

शेकाचा वाटा नव्हता असं मी लिहिणार नाही. खोटं सांगून तुला बोलावणं मला जमायचं नाही. पण एकट्या तुझ्या हाताने ते झालं नाही. आणि वाचवलं मात्र तुझ्याच हातांनी. माझ्यावर सोडलं असतं तर आई झोपलेलीच राहिली असती.

शपथ मोडवत नव्हती. संध्याकाळी डोळे मिटून देवासमोर बसायचो आणि समोर तुझा तो पडलेला चेहरा यायचा. शेवटी आज जेवताना आईला म्हटलं, "देवाचं मी देवाशी बघून घेईन. ताईला सांगणार आहे."

"सांग! म्हणजे येईल आणि माझं डोकं खाईल."

"नाही सांगितलं तर येणारच नाही, आई. तिला वाटतंय, तिनेच तुला मारलं असतं."

आईचा घास हातातच राहिला. तिला हे माहीतच नव्हतं गं. तिला वाटत होतं, तुला तिचं करायचा कंटाळा आला. तो तिने परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "आत्ताच्या आत्ता लिही. शपथ मी घातली होती, मीच सोडवली."

आता वापरलेली पट्टी मी चिकट बाजू आत दुमडून औषधवाल्याला परत देऊन येतो. शेक बंद. पण पट्टी लावायची म्हटलं की दर वेळी नाटक. माझ्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि हिने लावली तर वाकडी लागते.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. कचऱ्याच्या डब्यापाशी म्हणाली, "एवढं खोलात कशाला जायचं?" पण खोडायला लावलं नाही. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "मोठीला म्हणावं, रागव. पोटभर रागव. पण फोनवर नाही. इथे ये, माझ्यासमोर बस, आणि मग रागव."

त्या वेळी मधे पडणार नाही, असं कबूल करणारा,

तुझा
बाळ्या