पुसलेला उंचवटा

कुरखेडा, रविवार

प्रिय संघपाल,

'प्रिय' लिहिताना हात आखडला, तरी तसंच ठेवलंय.

मी घरी आलेय, धाकट्या बहिणीसाठी, दीपिकासाठी. तिचं सिकलसेलचं दुखणं पुन्हा उठलंय. गुडघे धरून बसते आणि विचारते, "ताई, तुमचं औषध मले कधी भेटन?" मी आजवर तिला तुझंच नाव सांगत आले. औषध वाहून नेणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या संघपालसारख्या कुणालाच जमत नाहीत, म्हणायचे. आखूड साखळी औषध पोचवण्याआधीच लघवीवाटे निघून जाते, फार लांब असली तर शरीरात साचत राहते, म्हणून सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात, हे मला तूच शिकवलंस. चंद्रपूरच्या बसमध्ये, तिकिटामागे रेघा ओढून. आणि तूच असं करावंस!

तुझ्या पॉलिमरचा सतरा नंबरचा नमुना मी परत यंत्रावर तपासला. साखळ्या एकाच लांबीच्या, तर आलेखात एकच शिखर यायला हवं होतं. बाजूला दुसरा उंचवटा आला. लांब साखळ्या, जवळपास पाचवा हिस्सा. तुझी मूळ फाईल उघडली, तर तिथंही तो होता. छापलेल्या शोधनिबंधातून मात्र पुसलेला. चुकून झालं असेल म्हणून तुला विचारलं, तर तू चहा ढवळत म्हणालास, "काऊन टेन्शन घेऊन राह्यली? एवढासा तं आहे, कोनाले दिसते! चाचणीची परवानगी भेटू दे, मग सुधारू."

मग म्हणजे कधी? कुणाच्या अंगात गेल्यावर? चाचणीच्या यादीत दीपिकाचं नाव तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, संघपाल! माझ्यासमोर, हसत. तेव्हा तुला तो उंचवटा माहीत होता. माजरीला तुमच्या घरी तुझी आई मला शेजारणींपुढे "माही सून" म्हणाली, त्या दिवशीही माहीत होता.

निबंधावर तुझ्यामागे माझंही नाव आहे. मूळ फाईल न बघता सही केली, तो दोष माझा. गावाला निघण्याआधी दोन्ही आलेख मी संस्थेच्या समितीला दिले आणि निबंध मागे घ्या, असं लिहून दिलं. माझा प्रबंधही त्याच नमुन्यांवर उभा आहे, तोही गेला. येत्या आठवड्यात तुला बोलावणं येईल. तक्रार कुणी केली हे तिथं दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. माझ्याकडे येऊ नकोस. तिकडे जा, आणि एकदा तरी खरं सांग.

अजून तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
सरिता